मुंबईच्या आसपास तारे बघायला अंधार कुठे मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की नात्यातले, ऑफिसातले, मुलाच्या शाळेतले आईबाबा मला साधारण हेच प्रश्न विचारतात आणि मी दरवेळी फोनवर अर्धा तास बोलत बसतो, म्हणून म्हटलं या वेळी एकदाच लिहून टाकू. मी मुलुंडला राहतो, नोकरीचा आणि आकाशाचा काही संबंध नाही, तारे बघणं हा आपला अमावास्येचा उद्योग. एक्स्पर्ट वगैरे नाही, पण चुकीच्या जागी जाऊन रात्रभर बसायचा अनुभव भरपूर आहे.

मुंबईतून काहीच दिसत नाही का हो?

दिसतं की. चंद्र, शुक्र, गुरू, शनी, मंगळ यांना शहराच्या उजेडाने फारसा फरक पडत नाही, गॅलरीतूनसुद्धा मस्त दिसतात. १०×५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) बायनॉक्युलर गॅलरीच्या कठड्यावर नीट टेकवून धरली तर गुरूचे चार चंद्र दिसतात, शनीची कडी बघायला मात्र छोटा का होईना टेलिस्कोप लागतो. थंडीत मृग आणि त्याच्या पोटातला बाण, खाली व्याध, वर रोहिणी हे सगळं अगदी दादरच्या गच्चीवरूनही ओळखता येतं. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेची बाजू मोकळी असेल तर दोन मुठींपेक्षा जरा कमी उंचीवर अगस्ती चमकत असतो, तो बऱ्याच जणांनी विमान समजून सोडून दिलेला असतो. (हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते, पुढे मुठी म्हणेन तेव्हा हेच माप.)

दिसत नाही ते म्हणजे जे काही धूसर, पसरट असतं ते. आकाशगंगेचा पट्टा, देवयानीतली दीर्घिका (म्हणजे गॅलक्सी), बारीक उल्का. २००१ मध्ये जॉन बोर्टल नावाच्या अमेरिकन निरीक्षकाने आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची पट्टी मांडली, १ म्हणजे गच्च काळोख आणि ९ म्हणजे शहराचा मध्य. आपण आठ-नऊवर राहतो. गल्लीतला दिवा बंद केला म्हणून त्यात काही फरक पडत नाही, कारण उजेड सगळ्या शहराचा हवेतून पसरून येतो.

मग किती किलोमीटर जायचं?

सगळे हेच विचारतात आणि माझं उत्तर कोणाला आवडत नाही. किलोमीटरपेक्षा दिशा बघा.

अंतराचा फायदा आहे, नाही असं नाही. वॉकरचा नियम म्हणून एक ढोबळ हिशोब आहे, शहरापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्या शहराचा आकाशातला उजेड साधारण साडेपाच-सहा पट कमी होतो. पण हे एकट्या शहराचं झालं. आपल्याकडे मुंबईपासून लांब जाता जाता तुम्ही ठाण्याच्या जवळ जाता, मग कल्याणच्या, मग बदलापूरच्या, दुसरीकडून गेलात तर वाशी-पनवेल, म्हणजे बोरीबंदरपासून ८० किलोमीटर हा आकडा काही सांगतच नाही.

शहराचा उजेड घुमटासारखा दिसतो, क्षितिजाजवळ जाड आणि वर जाताना विरळ. डोक्यावरचं आकाश बहुतेक ठिकाणी बऱ्यापैकी असतं, मार खातो तो खालचा भाग. आता उन्हाळ्यात जे बघायचं असतं ते बहुतेक सगळं दक्षिणेला आणि खाली असतं, वृश्चिक, धनू, आकाशगंगेचा मधला फुगीर भाग. म्हणून उन्हाळ्यात मुंबईच्या दक्षिणेला जायचं, म्हणजे शहर पाठीमागे उत्तरेला राहतं आणि समोर स्वच्छ. आम्ही एकदा मे महिन्यात उत्साहाने जव्हारला गेलो, गाव शांत, वीजही गेलेली, डोक्यावर तारेच तारे, आणि दक्षिणेला भिवंडी-कल्याण आणि मुंबईचा मिळून एक पिवळट पडदा, वृश्चिकाची शेपटी त्यात बुडालेली. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात मुरुडच्या पुढे गेलो तर मूळ नक्षत्राचे दोन्ही तारे, शेपटीची नांगी, सगळं समुद्रावर स्वच्छ टांगलेलं. जव्हार वाईट जागा नाही, थंडीत तिथेच जातो आम्ही, कारण थंडीत मृग, कृत्तिका, देवयानी हे सगळं डोक्याच्या आसपास असतं आणि दक्षिणेचा उजेड आड येत नाही.

सगळे वांगणीचं नाव का घेतात?

लोकलने जाता येतं म्हणून, हे पहिलं कारण. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची, बदलापूरनंतरचं स्टेशन. खगोल मंडळ ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९८५ पासून आहे, शीवला त्यांच्या बैठका होतात आणि वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम, मुंबईतल्या कितीतरी लोकांनी पहिली आकाशगंगा तिथेच पाहिली. दुसरं कारण नकाशात दिसतं. वांगणीच्या पश्चिमेला चंदेरी-म्हैसमाळची डोंगररांग भिंतीसारखी उभी आहे आणि पनवेल, नवी मुंबई तिच्या पलीकडे, त्यामुळे त्या बाजूचा खालचा उजेड अडतो. नवी जागा शोधताना हेच बघायचं, शहराच्या आणि आपल्या मधे एखादा डोंगर येतो का.

आता तिथे पूर्वीसारखं राहिलेलं नाही हे खरं. बदलापूर वाढत वाढत जवळ आलंय, वायव्येचं आकाश गेल्यातच जमा, फार्महाऊसं झालीत आणि शनिवारी कुठेतरी डीजे असतोच. तरी नवख्या माणसाला मी अजून वांगणी-नेरळच सांगतो. एका रात्रीत पोचून सकाळच्या लोकलने घरी, आणि मुंबईतून आलेल्याला तेवढ्यानेही तोंडात बोट घालायला होतं.

तिथलाच एक किस्सा. ज्यांच्या अंगणात आम्ही बसायचो ते काका फार मायाळू, दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन अंगणातला बल्ब लावायचे. आम्ही ओरडायचो, "काका, लाईट नको!" ते बंद करून आत जायचे आणि पुन्हा यायचे. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "अरे पण अंधारात तुम्हाला दिसणार काय?" मग त्यांना टेलिस्कोपला डोळा लावायला सांगितलं, शनी होता. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आत जाऊन काकूंना उठवून घेऊन आले. त्या रात्री बल्ब नाही लागला.

लोणावळा चालेल का, आमचं तिथे रूम बुकिंग आहे.

बुकिंग आहे तर जा, चिक्की आणा. ताऱ्यांसाठी मुंबई-पुण्याच्या मधली जागा घ्यायची नसते, दोन्हीकडून उजेड. इगतपुरीचंही थोडंफार तसंच, एका अंगाला मुंबई-कल्याण आणि दुसऱ्या अंगाला नाशिक, फक्त लोणावळ्यापेक्षा बरं.

समुद्रकिनारा बरा की घाट?

किनाऱ्याचा मोठा फायदा म्हणजे पश्चिमेला गावच नाही, नुसतं पाणी. काशीद, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, जेवढं खाली जाल तेवढं चांगलं. एप्रिल-मे मध्ये तिथून दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू हा तारकासमूह बघता येतो, जेमतेम एक मूठ वर, आणि त्याच्या डावीकडे वर, दोन मुठींच्या थोडं वर, ओमेगा सेंटॉरी नावाचा तारकागुच्छ, नुसत्या डोळ्याला पुसट ताऱ्यासारखा पण बायनॉक्युलर लावली की रवाळ पिठासारखा दिसतो, उत्तर भारतातल्या लोकांना तो फार खाली लागतो, आपल्याला बरा मिळतो. तोटे? दमट हवा, क्षितिजाजवळ खारट धुरकट थर, लेन्सवर मीठ बसतं, मासेमारीच्या बोटींचे झगझगीत दिवे असतात आणि रिसॉर्टवाले बीचवर हॅलोजन मारतात तो वेगळाच ताप. मुख्य बीच सोडून गावाच्या टोकाला जा. वेळासकडे कासवांच्या दिवसात गेलात तर टॉर्च अजिबात नको, पिल्लं उजेडाकडे चालत सुटतात.

घाटमाथ्यावर उंचीमुळे धुरकट थर पायाखाली राहतो, हवा कोरडी, तारे टोकदार दिसतात. भंडारदरा, कळसूबाईचा परिसर (१६४६ मीटर, आपल्या राज्यातलं सर्वात उंच शिखर), जुन्नरकडचा भाग, हे माझे आवडते. आयुका या पुण्याच्या संस्थेने आपली २ मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नर-घोडेगावच्या बाजूला गिरवलीला उभी केली, २००६ मध्ये, तर त्यांनी काही बघूनच जागा निवडली असणार ना. तिथे असंच उठून आत जाता येत नाही हां, मी फक्त त्या पट्ट्याबद्दल बोलतोय. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्यांना एक सांगतो, कोकणकड्यावरचा सूर्यास्त बघा आणि मग ताऱ्यांसाठी मागे वळा, कड्याचं तोंड कोकणाकडे म्हणजे कल्याण-मुंबईच्या उजेडाकडेच आहे.

तारीख कशी ठरवायची?

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा, अ‍ॅप नंतर. संकष्टीचा चंद्रोदय सगळ्यांना पाठ असतो, उपास सोडायचा असतो ना, रात्री नऊच्या आगेमागे. तिथून पुढे चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. तेव्हा कृष्ण अष्टमी-नवमीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळ ते मध्यरात्र तुमची, आणि अमावास्येनंतर विनायकीपर्यंतही चालतं कारण कोर रात्री नऊ-दहापर्यंत मावळून जाते. या मधला शनिवार पकडायचा. पौर्णिमेला ट्रेक ठेवून "तारे पण बघू" म्हणणाऱ्या ग्रुपबरोबर जाऊ नका, जेवण चांगलं मिळेल फक्त.

एक विनोद बघा, लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे चंद्राच्या हिशोबाने वर्षातल्या सगळ्यात काळोख्या रात्रींपैकी एक, आणि नेमकं त्याच रात्री फटाक्यांच्या धुराने आकाश सगळ्यात वाईट.

कुठल्या महिन्यात काय बघायचं?

जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरमध्ये पाऊस नुकताच धुऊन गेलेला असतो, हवा स्वच्छ, आणि अंधार पडल्यावर साडेसात ते नऊ नैऋत्येला आकाशगंगेचा जाड भाग मावळताना मिळतो, हा वेळ बहुतेक लोक फुकट घालवतात कारण अजून थंडी पडलेली नसते. डिसेंबरमध्ये १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव, उल्का पुनर्वसूच्या बाजूने आल्यासारख्या दिसतात, दुर्बीण नको, चटईवर आडवं पडायचं. त्या वर्षी तेव्हा चंद्र किती आहे ते आधी बघा, नाहीतर थंडीत कुडकुडून पाच-सहा मोजाल. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव आपल्याकडे पावसाने दरवर्षी खाल्लेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत मृग-व्याध-अगस्ती, पण मुंबईच्या जवळपास धुरकं असतं तेव्हा लांब आणि उंच जा. मार्चमध्ये पहाटे तीननंतर आकाशगंगेचा मधला भाग वर येतो, एप्रिलमध्ये एक-दोनला, मेच्या मध्यात अकरा-बारालाच. मे महिना ताऱ्यांसाठी खरा राजा आहे, फक्त शेवटी शेवटी ढग जमायला लागतात आणि काजवे बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांचे हेडलाईट भंडारदऱ्याकडे रांगेने येतात.

जागा खरंच काळोखी आहे हे कसं कळणार?

लाईट पोल्यूशनचे मॅप ऑनलाईन फुकट बघता येतात, अंदाज येतो. पण त्यातल्या बऱ्याच मॅपमागचा उपग्रहाचा कॅमेरा निळसर उजेड नीट पकडत नाही, आणि पांढऱ्या एलईडीत नेमका तोच जास्त, हवेत पसरतोही तोच जास्त, त्यामुळे नवीन एलईडी बसलेलं गाव मॅपवर दिसतं त्यापेक्षा वाईट निघू शकतं.

माझी परीक्षा सोपी आहे, ढग बघा. उजेडाच्या जागी ढग आकाशापेक्षा उजळ दिसतो, कारण खालचा प्रकाश त्याच्यावर पडतो. खऱ्या काळोखात ढग काळा दिसतो, ताऱ्यांमध्ये भोक पडल्यासारखा. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नेरळजवळ "आकाशगंगा, आकाशगंगा" म्हणत पंधरा मिनिटं फोटो काढले, ती हळूहळू सरकत कर्जतकडे निघून गेली. पनवेलच्या उजेडाने चमकणारा ढग होता तो.

टेलिस्कोप घेऊ का?

आत्ताच नको. आधी १०×५० बायनॉक्युलर, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानीची दीर्घिका (२५ लाख प्रकाशवर्षं लांब, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्या काळोखात नुसत्या डोळ्यालाही दिसते) एवढ्यात वर्ष निघून जातं. नंतर घ्यायचाच तर ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप). जाहिरातीत "५०० पट मोठं दिसेल" लिहिलेला, काडीसारख्या स्टँडचा टेलिस्कोप मुलाच्या वाढदिवसाला देऊ नका, हात लावला की शनी उडतो.

टॉर्चला लाल कागद का लावतात? मोबाईलचं काय?

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती सगळी जाते, परत पहिल्यापासून. लाल उजेडाने कमी बिघडतं. तुळशीच्या लग्नातला लाल जिलेटीन पेपर दोन घड्या करून रबरबँडने लावा, झालं. मोबाईल खिशात. व्हॉट्सअ‍ॅप उघडणारा माणूस स्वतःचेच नाही, शेजारच्या चौघांचे डोळे घालवतो. स्टेलेरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप) लावायचंच असेल तर त्यातला लाल रंगाचा नाईट मोड चालू करा आणि ब्राइटनेस पार खाली.

रात्री सेफ असतं का? कोणाला विचारायचं?

कुणाच्या शेतात बसायचं ते आधी दिवसा जाऊन विचारायचं, मोकळी दिसली म्हणून जागा कुणाची नाही असं नसतं. गावातल्या पोलीस पाटलांना सांगून ठेवा, रात्री दहा माणसं नळकांडं लावून बसलेली बघून गाववाले काळजीत पडतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. फुल बूट घाला, चप्पल नाही, घोणस आणि फुरसं हे विषारी साप काही फक्त पुस्तकात नसतात, बसायच्या आधी जागा टॉर्च मारून बघा, तेव्हा पांढरा चालेल. वांगणीला गेलात तर परतायला पहाटेपर्यंत लोकल नाही असंच धरून चाला. आणि आरे किंवा नॅशनल पार्कमध्ये गुपचूप जाऊ म्हणणाऱ्यांना, नको, बिबटे खरेच आहेत आणि रात्री आत जायला परवानगीही नसते.

दव फार पडतं, नोव्हेंबर ते जानेवारी तर रात्री एकनंतर बायनॉक्युलर पुसून पुसून कंटाळा येतो. पुसू नका, काचेवर चरे पडतात. न बघण्याच्या वेळी वरून आईचं जुनं सुती पातळ टाकायचं, दव त्यावर बसतं. टेलिस्कोपच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची लांब नळी केली तरी दोन तास जास्त मिळतात.

लहान मुलांना नेलं तर चालेल?

सात-आठच्या पुढची मुलं छान रमतात, फक्त दहा वाजता झोपतात हे धरून चला, त्यामुळे भारी गोष्टी आधी दाखवा. आधी वरळीच्या नेहरू तारांगणात नेऊन आणलंत (१९७७ पासूनचं आहे, कदाचित तुमच्या बाबांनी तुम्हाला नेलं असेल) तर आकाशात काय शोधायचं ते त्यांना कळतं. ध्रुव शोधायला लावा, आपल्याकडे उत्तरेला बरोबर दोन मुठींवर असतो, आणि फार ठळक नसतो, सगळ्यांना वाटतं तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा आहे.

महाराष्ट्रात सगळ्यात चांगलं आकाश कुठे?

विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातला पहिला. पण मुंबईतून तो वीकेंडचा विषय नाही, ती वेगळी ट्रिप काढायची.

पावसाळ्यात काय करायचं?

दुर्बीण वाचवायची. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा आत गेली की साफ करायला जो खर्च येतो त्यात नवी बायनॉक्युलर येते. कपाटात, कापडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, निळी खडी गुलाबी झाली की पाणी प्यायलीय असं समजायचं आणि कोरड्या तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळी होईपर्यंत परतायची, हा तवा मग पोळ्यांना वापरायचा नाही यावरून आमच्या घरी एकदा चांगलंच वाजलंय. महिन्यातून एकदा डबा उघडून टॉर्चने लेन्स आतून बघायची.

आमच्याकडे खंडेनवमीला पक्कड, कात्री, शिलाई मशीन आणि बायनॉक्युलर शेजारी शेजारी पूजेला असतात, झेंडूचं एकेक फूल वर ठेवून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फूल काढतो, पट्टा तपासतो आणि दिवाळीच्या आधीचा शनिवार कालनिर्णयवर पेनने गोल करून ठेवतो.